बायांची पाठवणी

डहाणूच्या खाडीकाठच्या एखाद्या मांगेलआळीत असो, की तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या वारली पाड्यात असो, दिवेलागणीच्या वेळी मुलाच्या अंगातला सदरा वर सारून त्याची पाठ उजेडाकडे फिरवणारी, कानामागचे केस बाजूला करून तेथील त्वचा निरखणारी आणि पोटावर उमटलेल्या दोनचार तांबूस ठिपक्यांवरून बोटाचे अग्र हलकेच फिरवताना क्षणभर श्वास रोखून धरणारी आई आजही पाहावयास मिळते. मुलाला ताप नसतो. ते आईच्या हातून निसटून पुन्हा अंगणात पळण्याच्या घाईत असते. ठिपके बहुधा घामोळ्यांचे असतात, किंवा रात्री पिसवांनी घेतलेल्या चाव्यांचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हापर्यंत ते टिकतीलच असेही नसते. तरीसुद्धा त्या माउलीच्या मुद्रेवर जी छाया पसरते, ती त्या मोहरीएवढ्या खुणेच्या मानाने फार मोठी असते. आणि ज्यांना ह्या मुलखाचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, अशी शिकलेली माणसे तिला अडाणी भीती म्हणून मोकळी होतात. माझे मत निराळे आहे. ही भीती अनेक शतके पिढी दर पिढी चालत आलेली आहे, ज्या काळात ती रुजली त्या काळी ती अक्षरशः खरी होती, आणि ह्या टापूत तर एकदा तिने रोगाची हद्द ओलांडून साऱ्या समाजजीवनाला हात घातला होता. तिचा इतिहास सांगावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आरंभ शब्दांपासूनच करणे सोयीचे. डहाणू-तलासरीच्या उत्तर सीमेवर मराठी आणि गुजराथी ह्या दोन भाषा एकमेकींच्या अंगणात वावरतात, आणि झाई-बोर्डीचा माणूस ज्या सहजतेने एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जातो त्याच सहजतेने रोगांची नावेही इकडून तिकडे जातात. इकडचा गोवर तिकडे ओरी होतो, इकडच्या कांजिण्या तिकडे अछबडा होतात, आणि दोघांहून भयंकर असा जो तिसरा विकार, त्याला मराठीत देवी, गुजराथेत माता किंवा बळियाबापजी, आणि किनाऱ्यावरच्या कोळी-मांगेल्यांच्या बोलीत नुसते ‘बाया’ म्हणत. बाया म्हणजे बहिणी-बहिणी मिळून येणाऱ्या देवता. त्या एकट्या येत नाहीत, घरात आल्या म्हणजे पाहुण्यांसारख्या राहतात, आणि मान राखला तर निघून जातात, अशी ती कल्पना. ‘देवी’ ह्या शब्दाचा मराठीतील प्रवास तर त्याहून विलक्षण आहे. देवळातली ती देवी. ‘पोराला देवी आल्या’ म्हणजे रोग झाला. आणि ‘पोराला देवी काढल्या’ म्हणजे तोच रोग होऊ नये म्हणून लस टोचली. देवता, व्याधी आणि व्याधीचा प्रतिबंध ह्या तिन्ही अर्थांचा भार एकाच शब्दावर टाकताना आपल्या पूर्वजांना काही विसंगत वाटले नाही, आणि ते का वाटले नाही हे समजल्यावाचून पुढचा इतिहास उमगणार नाही.

अंगावरील ठिपक्यांचे वाचन हे शास्त्र फार जुने आहे. माधवकराच्या ‘माधवनिदान’ ह्या ग्रंथात मसूरिकेला स्वतंत्र प्रकरण दिलेले असून मसुरीच्या दाण्यासारखी दिसणारी पुटकुळी हीच त्या नावाची उपपत्ती आहे. केसांच्या मुळाशी उठणारी जी बारीक तांबडी पुरळ तिला रोमांतिका हे निराळे नाव आहे, आणि तीच पुष्कळांच्या मते आपला गोवर. इकडे माधवकर, तर तिकडे दहाव्या शतकाच्या सुमारास इराणी वैद्य अल्-राझी ह्याने देवी आणि गोवर ह्यांतील भेद सांगणारा आपला प्रसिद्ध प्रबंध लिहिला. दोन दूरच्या देशांतील विद्वानांना ह्याच एका भेदाची इतकी निकड का वाटावी? कारण पहिल्या दिवशी, पहिल्या दोनचार ठिपक्यांच्या वेळी, हा भेद कोणालाच सांगता येत नसे. ताप येई, अंग मोडून निघे, आणि तीनचार दिवसांनी तोंडाच्या आत व मुखावर बारीक तांबडे ठिपके दिसू लागत. त्यापुढे त्या ठिपक्यांचे पाणीदार फोड, फोडांचे पू भरलेले दाणे, आणि दाण्यांच्या खपल्या होतील की काय, हे पाहत बसण्याखेरीज घरच्या माणसांच्या हाती काही नसे. देवींच्या उग्र प्रकारात लस न टोचलेल्या दर दहा रोग्यांपैकी सुमारे तिघे दगावत. वाचलेल्यांच्या मुखावर वण राहत, कित्येकांचे डोळे जात. दहातले तीन हा आकडा डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे दिव्याच्या उजेडात मुलाची पाठ पाहणाऱ्या आईचा रोखलेला श्वास कोठून आला हे निराळे सांगावे लागत नाही.

आता ह्या मुलखाची हद्द थोडी स्पष्ट केली पाहिजे, कारण रोगाच्या आणि सरकारच्या दोघांच्याही हालचाली हद्दीशी निगडित असतात. डहाणू दोन शतके पोर्तुगीज अमलात होते; १७३९ च्या वसईच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे आले; १८१७ च्या पुण्याच्या तहान्वये उत्तर कोकणाबरोबर ते इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि पुढे ठाणे जिल्ह्याचा अगदी उत्तरेकडचा तालुका म्हणून त्याची जमाबंदी झाली. त्या तालुक्याला उंबरगावचा पेटा जोडलेला असे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगावचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांचा तलासरी महाल बनला. आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात मोडतात. ह्या टापूच्या एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस जव्हारचे संस्थान, उत्तरेस पोर्तुगीजांचे दमण आणि नगरहवेली. म्हणजे इंग्रजी मामलेदाराचा हुकूम जेथे संपे तेथून काही कोसांवर परकी अंमल सुरू होत. लस टोचणाऱ्याचे दप्तर त्या हद्दीवर थांबे. ताडीच्या भांड्याबरोबर, सोयरिकीबरोबर, मासळीच्या टोपलीबरोबर चालणारा रोग मात्र थांबत नसे.

घरात बाया आल्या म्हणजे काय करीत, ह्याची वहिवाट मराठी मुलखात थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखीच होती. दारावर कडुनिंबाचा डहाळा लागे. रोग्याला निंबाच्या पाल्यावर किंवा केळीच्या पानावर निजवीत, आणि अंगाला खाज सुटली तर नखे न लावता त्याच डहाळीने हलकेच वारा घालीत. घरात फोडणी बंद होई, तळण बंद होई, चपला बाहेर राहत, पुरुष दाढी करीत नसत, दाराशी आलेल्याला भिक्षा घातली जात नसे, आणि बाहेरचा माणूस आत येत नसे. थंड अन्न, दहीभात, नारळाचे पाणी हाच आहार. कारण देवी ही शीतला, तिला ऊष्मा सोसत नाही. केळवे येथे समुद्राच्या काठी शीतलादेवीचे जे देवस्थान आहे, तेथे पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावरील कुटुंबे नवस फेडण्यास जात, ती ह्याच श्रद्धेने. खपल्या गळून पडल्या म्हणजे निंबाच्या पाण्याने स्नान घालून, नारळ व थंड नैवेद्य दाखवून, देवीची शिवेपर्यंत पाठवणी करीत. वारली पाड्यांत हे काम भगताच्या सल्ल्याने चाले: तो तांदळाचे दाणे पाहून कोणती देवता कोपली आहे हे सांगे, आणि त्याप्रमाणे नारळ किंवा कोंबडे कबूल करावे लागे.

ह्या वहिवाटीकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? तिच्यातील भक्तीची भाषा क्षणभर बाजूला ठेवून नुसते आचार पाहिले, तर त्यांतील कित्येकांना वैद्यकाचा आधार आहे हे मान्य करावे लागते. न खाजवल्याने फोडांत दुसरे जंतू शिरत नाहीत. थंड, पातळ अन्न घशातल्या फोडांना सोसवते. आणि देवींचा रोगी शेवटची खपली पडेपर्यंत रोग पसरवू शकतो, हे जे शास्त्राने नंतर सिद्ध केले, ते खपल्या पडेपर्यंत दार बंद ठेवणाऱ्या घराने आधीच आचरणात आणले होते. दारावरचा कडुनिंबाचा डहाळा ही निरक्षर गावाला वाचता येणारी सूचना होती, आणि कोणत्याही सरकारी जाहीरनाम्यापेक्षा तिचे पालन अधिक काटेकोर होत असे. पण सत्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवून ह्या आचारांचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. देवी पाहुणी आहे म्हटल्यावर तिला औषध देणे हा तिचा अपमान ठरे. तहानेने कासावीस झालेल्या मुलाला वैद्याकडे नेण्याऐवजी भगताची वाट पाहिली जाई. आणि कबूल केलेल्या नवसासाठी सावकाराकडून काढलेले दाणे पुढे कित्येक पावसाळे फेडावे लागत. जी श्रद्धा रोग्याला गर्दीपासून वाचवी तीच त्याला औषधापासूनही दूर ठेवी.

आता लसीची गोष्ट. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर गोस्तनदेवीची लस टोचण्यात आली, आणि हिंदुस्थानातील पहिले यशस्वी लसीकरण म्हणून त्या घटनेची नोंद झाली. एडवर्ड जेन्नरने इंग्लंडात आपला प्रयोग १७९६ साली केला होता. पण लस जहाजातून सहा महिने टिकत नसे, म्हणून ती बगदाद आणि बसरा ह्या मार्गाने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी माणसांच्या साखळीने मुंबईस पोहोचली. त्या लहानग्या मुलीच्या दंडातील लस पुढे देशभर गेली. १८२७ च्या सुमारास मुंबई सरकारने लसीकरणाची जी पद्धत घालून दिली, तिच्यात गोऱ्या अधीक्षकाच्या देखरेखीखाली देशी टोचणारे नेमून दिलेल्या टापूंतून गावोगाव फिरत. इलाख्यात रुजलेली ही व्यवस्था ‘मुंबई पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली.

ह्या टोचणाऱ्याचा धंदा किती बिकट होता ह्याची कल्पना आज येणे कठीण. लस उन्हाळ्यात नासे, पावसाळ्यात वाटा बंद होत. म्हणून त्याला दिवाळीनंतरचे थंडीचे महिने तेवढे मिळत, आणि रोग तर फाल्गुन-चैत्रात जोर धरी. बर्फपेटी नाही, बाटली नाही. लस जिवंत ठेवण्याचे पात्र म्हणजे लहान मुलाचा दंड. एका गावात टोचलेल्या मुलाच्या दंडावर आठव्या दिवशी जो फोड भरे, त्यातील पाणी काढून दुसऱ्या गावच्या मुलाला टोचावयाचे, म्हणून त्या पहिल्या मुलाला आईसह पुढच्या गावी न्यावे लागे. आपल्या आजारी, तापलेल्या मुलाचा फोड परक्या मुलासाठी फोडू देणे हे कोणत्या आईला रुचेल? शिवाय जाती-जातींत शिवाशिवीचे निर्बंध असलेल्या समाजात हे पाणी कोणाच्या अंगातून कोणाच्या अंगात जाणार हा प्रश्न उभा राही. पुढे वासराच्या अंगावर लस वाढविण्याची रीत आली, बेळगावच्या संस्थेतून नळ्यांमध्ये भरलेली लस जिल्ह्याजिल्ह्यांस जाऊ लागली, आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. परंतु टोचणाऱ्याविषयीचा संशय काही गेला नाही.

तो संशय नुसत्या अज्ञानातून आला होता असे म्हणणाऱ्यांनी १८९२ ह्या सालाचा विचार करावा. त्या एका वर्षात मुंबई सरकारने दोन कायदे केले. एक जिल्हा लसीकरणाचा कायदा: ज्या गावांना तो लागू होईल तेथील मुलांना देवी टोचून घेणे बंधनकारक. दुसरा मोहाच्या फुलांचा कायदा: ठाणे आणि कुलाबा ह्या जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे, बाळगणे व विकणे ह्यांवर निर्बंध. त्याआधी १८७८ च्या अबकारी कायद्याने घरगुती दारू गाळण्याचा हक्क संपुष्टात येऊन मक्तेदारांच्या गुत्त्यांचे राज्य सुरू झालेच होते. वारल्याच्या दारात येणारा सरकारी माणूस एका हाताने त्याच्या मुलाचा दंड धरू पाहत होता आणि दुसऱ्या हाताने त्याच्या अंगणात वाळत घातलेली मोहाची फुले उचलून नेत होता. जंगलखात्याचा शिपाई, अबकारीचा शिपाई, सावकाराचा मुनीम आणि लस टोचणारा ह्या सर्वांचा मुक्काम गावच्या पाटलाकडेच पडे, आणि सर्वांचे ओझे वाहण्यास वेठीला धरला जाई तो वारलीच. अशा स्थितीत त्या चौघांपैकी एकाच्या हातातील सुई आपल्या मुलाच्या जिवासाठी आहे हे त्याने ओळखावे, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही.

आणि येथे ह्या इतिहासातील सर्वांत अपूर्व प्रकरण येते. १९२२ सालच्या सुमारास ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मांगेल्यांच्या कोळीवाड्यांत देवींची साथ शमावी म्हणून बायांचे पूजन सुरू झाले. अशी पूजने पूर्वीही होत; स्त्रियांच्या अंगात वारे येई, बाया त्यांच्या मुखाने बोलत, मान मागत, आणि साथ ओसरली की सर्व शांत होई. ह्या वेळी मात्र ते पूजन किनाऱ्यावर थांबले नाही. कोळीवाड्यातून ते डोंगराळ पट्ट्यात चढले, आदिवासींच्या पाड्यापाड्यांतून धरमपूर-वांसद्याच्या संस्थानांकडे गेले, आणि १९२२ च्या नोव्हेंबरपर्यंत सुरत जिल्ह्याच्या रानीमुलखात हजारोंच्या सभा भरू लागल्या. मांडवाखाली हातात तांबडी फडकी घेऊन बसलेल्या माणसांच्या अंगात वारे येई, आणि सलाबाई ह्या नावाने ती देवी आज्ञा करू लागे. परंतु तिच्या आज्ञा आता निराळ्या होत्या: दारू आणि ताडी सोडा, मांस-मासळी वर्ज्य करा, रोज स्नान करा, घर स्वच्छ ठेवा, दारूच्या मक्तेदाराकडे आणि त्याच्या शेतावर कामास जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन ह्या इतिहासकाराने गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ह्या चळवळीचा माग काढला आणि १९८७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. देवीच्या ह्या आगमनाचे मूळ किनाऱ्यावरच्या ह्या रोगशांतीच्या विधीत आहे, हे त्याने दाखवून दिले.

ह्या घटनेचा विचार मी जितका अधिक करतो तितका मला तिचा अर्थ अधिक गहन वाटतो. अंगावरच्या तांबड्या ठिपक्यांतून जी देवता बोलते असे शतकानुशतके मानले गेले, जिचा कोप ओळखण्यासाठी आया मुलांच्या पाठी न्याहाळत आल्या, त्याच देवतेच्या मुखाने ह्या लोकांनी आपल्या देहाच्या दुसऱ्या एका व्याधीचे निदान केले. त्यांना सुधारणा सांगण्यास अजून बाहेरून कोणी आले नव्हते; गांधीजींच्या अनुयायांनी ह्या चळवळीशी संबंध जोडला तो नंतर. स्वच्छ पाणी, रोजचे स्नान, दारूबंदी, मक्तेदारावर बहिष्कार, ही सर्व कलमे त्यांनी आपल्याच परिचयाच्या, देवींच्या भाषेत मांडली, कारण ज्या भाषेत आजवर मृत्यू बोलला होता त्या भाषेतली आज्ञा मोडण्याचे धैर्य कोणाला होणार नव्हते. काही ठिकाणी वर्षा-दोन वर्षांत लोक पुन्हा ताडीकडे वळले हे खरे. पण एकदा उच्चारलेला नकार समाजाच्या स्मृतीत राहतो. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असे बोलले, तेव्हा त्यांना गोदावरी परुळेकरांसारख्या कार्यकर्त्यांची साथ होती, हे सर्वश्रुत आहे. परंतु सावकाराच्या आणि मक्तेदाराच्या कामाला नकार देण्याचा धडा ह्या पट्ट्याने तेवीस वर्षांपूर्वी बायांच्या नावाने एकदा गिरवला होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबादच्या टेकडीवर नेले. तेथील बालवाडीचा दिवस अक्षरांच्या आधी आंघोळीने, नखे कापण्याने आणि केस विंचरण्याने सुरू होई, ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत कौतुकाने नमूद होते; मला ती त्वचेच्या इतिहासातीलही एक महत्त्वाची नोंद वाटते. कारण देवींच्या खालोखाल ह्या पाड्यांतील मुलांच्या अंगावर जे तांबडे ठिपके नित्य दिसत ते खरजेचे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाशी, कमरेभोवती उठणारी ती पुटकुळी रात्री अधिक खाजते, एका घोंगडीखाली निजणाऱ्या सबंध घराला लागते, आणि तिला ना देवी कारण, ना भूत; डोळ्यांना न दिसणारा एक किडा कातडीत बीळ करतो, एवढेच. करंजाचे तेल, गंधकाचे मलम, उकळलेले कपडे आणि मुख्य म्हणजे घरातील सर्वांना एकाच दिवशी उपचार, ह्याने ती जाते. मात्र ज्या घराला पाणी दोन टेकड्यांपलीकडून डोक्यावर आणावे लागते त्याला ‘रोज न्हा’ असे सांगणे सोपे आणि करणे किती अवघड, हे उन्हाळ्यात ह्या भागात हिंडलेल्या माणसालाच कळते.

देवींचा शेवट आता थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळांनी सांगितला आहे. १९६२ साली राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटनेने त्याला नेट लावला. दोन टोकांची, कोठेही उकळून वापरता येणारी सुई आली, आणि उन्हात न नासणारी शुष्क लस आली. सरसकट टोचण्यापेक्षा प्रत्येक रोगी शोधून त्याच्याभोवतालच्या माणसांना टोचण्यावर भर देण्यात आला, आणि रोग्याची खबर आणणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. ती रक्कम शेवटी हजार रुपयांपर्यंत गेली. पश्चिम हिंदुस्थान लवकर मोकळा झाला, पण १९७४ च्या पहिल्या पाच महिन्यांत बिहार आणि त्याच्या आसपासच्या प्रांतांत पंधरा हजारांहून अधिक माणसे देवींनी गेली. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी नोंदला गेला, १९७७ साली भारत देवीमुक्त म्हणून प्रमाणित झाला, आणि ८ मे १९८० रोजी साऱ्या जगाविषयी तीच घोषणा झाली. बायांची अखेरची पाठवणी ती.

बाया गेल्या, पाठ निरखण्याची सवय राहिली. आणि माझे आग्रहाचे म्हणणे असे की ती सवय राहिली हे बरे झाले. गोवर अजून गेलेला नाही. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबई, भिवंडी आणि मालेगाव ह्या शहरांत त्याची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली. गोवराची सुरुवात कानामागून आणि चेहऱ्यावरून होते, आधी ताप, खोकला आणि लाल डोळे येतात, मग पुरळ खाली उतरते. ती आई कानामागचे केस सारून नेमके तेच पाहत असते. ठिपक्यांवरून ती बोट फिरवते, त्यालाही अर्थ आहे. वैद्यकाच्या विलायती पुस्तकांतील वर्णने गोऱ्या कातडीवरून लिहिलेली. उन्हात राबणाऱ्या वारली, धोडिया किंवा कातकरी मुलाच्या सावळ्या अंगावर तांबडा रंग बहुधा गडद किंवा जांभळट दिसतो, कित्येकदा दिसतच नाही, आणि तेथे डोळ्यांआधी बोटालाच पुरळ कळते.

ज्या ठिपक्याचे कारण कळत नाही त्याच्यासाठी आता आईच्या हाती आणखी एक साधन आहे, आणि ते प्रत्येक झोपडीत असते. काचेचा स्वच्छ पेला ठिपक्यावर दाबून धरावा आणि आरपार पाहावे. दाबाखाली रंग फिका पडला तर रक्त अजून आपल्या वाहिन्यांतच आहे. घामोळे, पित्त, डासाचा चावा, बहुतेक पुरळ ह्यांत तसेच होते. रंग तसाच राहिला तर रक्त त्वचेखाली पाझरले आहे असे समजावे. त्याबरोबर ताप असेल, मूल मलूल असेल, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येत असेल, तर डेंग्यूसारख्या किंवा त्याहून गंभीर आजाराची शक्यता असते, आणि सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डहाणूचे किंवा कासाचे उपजिल्हा रुग्णालय, अथवा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय गाठले पाहिजे. सावळ्या अंगावर नीट कळत नसेल तर तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू पाहावी. उलट, चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या छातीपोटावर वर्षानुवर्षे न बदलणारे जे टाचणीच्या डोक्याएवढे लालभडक तीळ येतात, ते वयाबरोबर येतात आणि काही अपाय करीत नाहीत; त्यांच्यापायी झोप घालवू नये.

देवी टोचणे १९७० नंतरच्या दशकाअखेरीस बंद झाले, त्यामुळे डहाणूच्या बाजारात आज ज्यांच्या दंडावर तो गोल वण दिसतो ती सारी माणसे पन्नाशीच्या आसपासची किंवा त्यापुढची आहेत. त्यांच्या नातवंडांना देवींची लस लागत नाही, गोवराची लागते. ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर एकदा आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसऱ्यांदा देतात, सरकारी केंद्रात विनामूल्य देतात, आणि ह्या तालुक्यांतील जी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि होड्यांवर जातात त्यांच्या मुलांची दुसरी मात्रा नेमकी तेव्हाच चुकते. म्हणून आशाताईंना आणि अंगणवाडीच्या बाईंना माझी एवढीच विनंती आहे: ज्या घराने भट्टीची उचल घेतली आहे त्याची खबर पाड्याला आधीच असते, ते घर निघण्यापूर्वी त्या मुलाचे कार्ड एकदा पाहा, आणि त्याच्या आईने कधी संध्याकाळी पाठीवरचा ठिपका दाखवला तर तिला हसू नका, पेला मागवा.